दर उन्हाळ्यात एसीचा गॅस "संपतो", कंपनीला लीक शोधायला कसं लावायचं?

खाडीकाठ

दीड टनाचा इन्व्हर्टर स्प्लिट एसी आहे. आर-३२ गॅस, आत-बाहेर दोन्हीकडे तांब्याची कॉइल. बिल्डिंग ठाण्यात, खाडीच्या जवळ, मागच्या बाजूने नालाही जातो. मार्च सरत आला की थंडावा कमी होतो. कंपनीच्या नंबरवर तक्रार नोंदवली की अधिकृत सेवा केंद्राचा माणूस येतो, गेज लावतो, "गॅस संपलाय" म्हणतो, भरतो, ३,२०० रुपये घेतो, मोबाइलवर आलेला कोड मागतो आणि तक्रार बंद करून जातो. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

लीक कुठे आहे ते शोधा म्हटलं तर उत्तर मिळतं, "मॅडम, गॅस दरवर्षी थोडा उडतोच." कस्टमर केअरवाले म्हणतात जुनी तक्रार बंद झाली आहे, नवीन नोंदवा, व्हिजिट चार्ज वेगळा. कंप्रेसरची दहा वर्षांची वॉरंटी चालू आहे, पण गॅस तीत बसत नाही.

गॅस खरंच असा उडतो का? नसेल तर लीक शोधायला आलेल्या माणसाने नेमकं काय काय करायला हवं, म्हणजे समोर उभं राहून बघता येईल? आणि दर वेळी पैसे न मोजता हे काम कंपनीकडून कसं करून घ्यायचं? नवीन एसी घ्या असं कृपया सुचवू नका, मशीन एरवी उत्तम आहे.

फ्लेअरनट

ताई, गॅस उडत नाही. स्कूटरमधल्या पेट्रोलसारखा तो जळून संपतही नाही. बंद नळ्यांमध्ये तोच गॅस फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय, दुसरं कारण नाही. नीट बसवलेलं मशीन कारखान्यातून आलेल्या गॅसवरच वर्षानुवर्षं चालतं.

आउटडोअर युनिटवर एक प्लेट चिकटवलेली असते. तिच्यावर गॅसचं नाव आणि तो किती भरायचा ते ग्रॅममध्ये छापलेलं असतं. दीड टनी आर-३२ मशीनमध्ये साधारण ६०० ते १००० ग्रॅम, नक्की आकडा मॉडेलप्रमाणे. तिचा फोटो काढून ठेवा. गॅस भरायचा तो या वजनावर. इन्व्हर्टरचा कंप्रेसर सतत वेग बदलतो, त्यामुळे चालू मशीनचं प्रेशरही खालीवर होतं आणि नुसत्या गेजवर अंदाज चुकतो. बंद मशीनला गेज लावून "बघा, गॅस कमी आहे" म्हणणं तर त्याहून फसवं. आत थोडासा जरी द्रवरूप गॅस शिल्लक असला तरी बंद मशीनचं प्रेशर तापमानावर ठरतं, वजनावर नाही. ३० अंशाला आर-३२ चं ते साधारण २६५ पीएसआय (दाबाचं माप) येतं, मग आत ४०० ग्रॅम असो की ८००.

आता लीक शोधणं. पहिली पायरी नुसत्या डोळ्यांची. गॅसबरोबर कंप्रेसरचं तेलही झिरपतं, त्यामुळे गळतीच्या जागी तेलकट, धूळ धरलेला डाग दिसतो. आउटडोअरच्या दोन व्हॉल्व्हच्या नटांवर, सर्व्हिस पोर्टच्या पिनवर आणि इनडोअरच्या मागे, फोमच्या वेष्टनाखाली दडलेल्या दोन जोडांवर तो शोधायचा. त्यानंतर साबणाचा फेस किंवा लीक डिटेक्टर.

एवढ्याने सापडलं नाही तर नायट्रोजन. उरलेला गॅस रिकव्हरी मशीनने काढून घ्यायचा, सिस्टिममध्ये कोरडा नायट्रोजन ३५० ते ४०० पीएसआयपर्यंत भरायचा (प्लेटवर कमाल दाब दिलेला असतो, तो ओलांडायचा नाही), गेजचा फोटो काढायचा आणि थांबायचं. मोठी गळती अर्ध्या तासात कळते. तुमची वर्षभरात रिकामी होणारी आहे, तिला रात्रभर ठेवावं लागतं. तापमानही लिहून ठेवायचं, कारण रात्री ५ अंशांनी उतरलं तर ४०० वर सहा-सात पीएसआय आपोआप कमी होतात. त्याला गळती समजायचं नाही.

नायट्रोजनच्या जागी कोणी ऑक्सिजनचा सिलिंडर आणला तर त्याला दारातूनच परत पाठवा. वेल्डिंगसाठी तो गाडीत असतोच, म्हणून हे मुद्दाम सांगतोय. तेलाशी दाबाखालचा ऑक्सिजन आला की कंप्रेसर फुटतो, माणसं जातात.

खाडीकाठ

इतक्या सविस्तर उत्तरासाठी आभार, दादा. साबणाचं पाणी मागच्या वेळी लावलं होतं, मीच आग्रह धरला म्हणून. बुडबुडे आले नाहीत, मग "लीक नाही" असं सांगून गॅस भरला. जॉब शीटवर फक्त "गॅस टॉप-अप केला, कूलिंग ओके" एवढंच लिहिलंय.

फ्लेअरनट

साबण लावताना मशीन चालू होतं की बंद? बहुतेक चालू असणार. चालू मशीनमध्ये इनडोअरच्या बाजूचं प्रेशर १२०-१४० पीएसआयच्या आसपास असतं. बंद करून दहा-पंधरा मिनिटं थांबलं की दोन्ही बाजू सारख्या होतात आणि तिथलं प्रेशर बरंच वर जातं. इनडोअरचे जोड आणि कॉइल तपासायची ती मशीन बंद ठेवून. शिवाय चालू असताना त्या नळ्यांवर पाणी सुटलेलं असतं, फेस टिकत नाही. गॅस निम्म्यावर आलेल्या मशीनची बारीक गळती साबणाने दिसलीच पाहिजे असंही नाही. म्हणून नायट्रोजन.

गळती फ्लेअर जोडात (नळीचं तोंड पसरवून नटाने आवळलेला जोड) निघाली तर काम सोपं आहे. नट नुसता आवळून घेऊ देऊ नका. जास्त आवळलेला पितळी नट कालांतराने चिरतो, तांब्याची कडही चेपून पातळ होते. नळीचं टोक कटरने कापायचं, आतली कड रीमरने साफ करायची (त्या वेळी नळीचं तोंड खाली, म्हणजे बुरा आत पडत नाही), नवा नट घालायचा, मग फ्लेअर. आवळायला टॉर्क पाना, म्हणजे ठरलेल्या जोराइतकंच आवळता येतं. पाव इंची नळीला १४ ते १८ न्यूटन-मीटर, अर्धा इंचीला ४९ ते ६१. दोन पाने लागतात, एकाने धरायचं आणि दुसऱ्याने फिरवायचं. एकाच पान्याने ओढलं तर नळी पिळली जाते.

त्यानंतर व्हॅक्यूम, म्हणजे पंपाने आतली हवा आणि ओल ओढून काढणं. पंप किमान २०-३० मिनिटं, डिजिटल गेजवर ५०० मायक्रॉनच्या (व्हॅक्यूमचं माप, जितकं कमी तितकं चांगलं) खाली, मग पंप बंद करून दहा मिनिटं आकडा स्थिर राहतो का ते बघायचं. बरेच जण पंप आणतच नाहीत, थोडा गॅस सोडून नळीतली हवा ढकलतात. आत ओल राहिली की ती या मशीनच्या तेलात मिसळून आम्ल तयार होतं आणि कंप्रेसर हळूहळू खराब होतो. शेवटी सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून प्लेटवरचं वजन भरायचं. आधीचा आणि नंतरचा आकडा, दोन्हींचे फोटो.

वऱ्हाडी गडी

वरच्या सगळ्याशी सहमत. पण धागा वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी: थंडावा कमी झाला म्हणजे गॅसच गेला असं नसतं, आणि तक्रार नोंदवायच्या आधी घरच्या घरी पाच गोष्टी बघता येतात.

फिल्टर धुवा. उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी. इनडोअरच्या फिनवर आणि आतल्या गोल पंख्याच्या पात्यांवर काळा थर असेल तर हवाच कमी येते, गॅस पुरेपूर असला तरी. आउटडोअरची कॉइल धुळीने किंवा कबुतरांच्या पिसांनी बुजली आहे का बघा. आउटडोअर बंदिस्त डक्टमध्ये असेल तर तीच गरम हवा पुन्हा आत ओढली जाते, आमच्याकडे ४५ अंशांत मशीन त्याने बंदही पडतं. मग थर्मामीटर घ्या. १८ वर, पंखा फुल, पंधरा मिनिटं चालवा. फिल्टरपाशी आत जाणारी हवा आणि बाहेर येणारी हवा यांत ८ ते १२ अंशांचा फरक असला की गॅसबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. दमट हवेत फरक थोडा कमी येतो.

बर्फ कुठे धरतोय तेही बघा. आउटडोअरच्या बारीक नळीवर, व्हॉल्व्हपाशी पांढरा बर्फ असेल तर गॅस कमी असण्याची शक्यता जास्त. सगळी इनडोअर कॉइल आणि जाड नळीही गोठली असेल तर आधी धूळ आणि पंखा तपासा.

अवांतर: कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधून लावू नका. वॉरंटी कार्डवरचा किंवा मशीनच्या स्टिकरवरचाच वापरा. सर्चमध्ये वर दिसणारे बरेच नंबर भलत्याच लोकांचे असतात, आणि "गॅस संपलाय" हे त्यांचं ठरलेलं निदान.

सेवाकेंद्र

या व्यवसायाची आतली बाजू मांडतो, कारण ती कळल्याशिवाय तक्रार योग्य जागी जात नाही.

घरी येणारा माणूस बहुतेक वेळा कंपनीचा नसतो, फ्रँचायझीचा असतो. कंपनी फ्रँचायझीला बंद केलेल्या तक्रारीमागे ठरलेला दर देते. नायट्रोजनची पूर्ण चाचणी म्हणजे सिलिंडर जिन्याने वर चढवणं, दोन माणसं, अर्धा दिवस, आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी फेरी. गॅस भरणं पाऊण तासात उरकतं आणि त्याचे पैसे ग्राहकाकडून मिळतात. एप्रिल-मेमध्ये एकेकाच्या नावावर दिवसाला आठ-दहा तक्रारी लागलेल्या असतात. त्या मुलाला दोष देऊन उपयोग नाही, त्याला पाऊण तासच दिलेला आहे.

खरी मेख पुढे आहे. तीच तक्रार पुन्हा आली तर फ्रँचायझीला दंड बसतो, पण ती "पुन्हा आली" असं धरायची मुदत सहसा महिना ते तीन महिने. बारीक गळतीला मशीन रिकामं करायला दहा-अकरा महिने लागतात. म्हणजे कंपनीच्या कागदावर हे मशीन प्रत्येक वेळी पहिल्याच फेरीत दुरुस्त झालेलं दिसतं. आकडे उत्तम, आणि ग्राहक पुढच्या खरेदीला दुसऱ्या कंपनीकडे जातो. ज्यांनी ही मुदत ठरवली त्यांना रेफ्रिजरेशनचं प्राथमिक ज्ञान असतं तर गॅस भरलेल्या मशीनसाठी ती किमान एक वर्ष ठेवली असती. एवढ्या एका बदलाने निम्मी "गॅस भरणी" बंद होईल असं माझं ठाम मत आहे.

म्हणून ताई, तीन गोष्टी. मशीनच्या सिरियल नंबरवर आधीच्या सगळ्या तक्रारी कंपनीच्या सिस्टिममध्ये दिसतात, त्यांचे नंबर काढा आणि एकत्र लिहा. तक्रार नोंदवताना "कूलिंग नाही" म्हणू नका, त्या शब्दांवर गॅसवाला माणूस लागतो. "वारंवार गॅस गळती, नायट्रोजन प्रेशर टेस्ट हवी" असं लिहायला लावा. आणि कॉल सेंटरच्या नादी न लागता कंपनीच्या शाखेच्या सर्व्हिस मॅनेजरला ईमेल करा. फ्रँचायझीला जास्तीच्या वेळेचे पैसे मंजूर करणं त्याच्याच हातात असतं.

शक्य असेल तर हे काम दिवाळीनंतर ते जानेवारीच्या आत करून घ्या. माणसं मोकळी असतात आणि मशीन रात्रभर दाबाखाली ठेवायला घरच्यांचीही हरकत नसते.

खाडीकाठ

मुदतीचं हे गणित अजिबात माहीत नव्हतं, आता सगळा उलगडा झाला. एक शंका: गळती जोडात नसून कॉइलमध्येच निघाली तर? आणि तो कोड दिला नाही तर माणूस हटून बसतो, तेव्हा काय करायचं?

फ्लेअरनट

तुमची जागा बघता कॉइलची शक्यता बरीच आहे. नाल्यातून आणि गटारातून हायड्रोजन सल्फाइड येतो, तो तांब्याला काळं करत खातो. खाडीच्या खाऱ्या हवेने आउटडोअरचे फिन गळतात. इनडोअर कॉइल काळपट पडलेली दिसली तर तोच प्रकार समजा.

अशा कॉइलला एका ठिकाणी टाका मारून भागत नाही, काही महिन्यांत शेजारीच दुसरं भोक पडतं. कॉइल बदलणं हाच मार्ग, आणि बदलताना वरून संरक्षक लेप असलेली मागा. गळती यू-बेंडच्या जोडावर असेल आणि बाकी कॉइल लखलखीत असेल तर मात्र ब्रेझिंग (आचेवर धातू वितळवून जोड सांधणं) चालतं. त्यासाठीही आधी गॅस पूर्ण काढलेला हवा, कारण आर-३२ पेट घेऊ शकतो. शिवाय ब्रेझिंग चालू असताना नळीतून नायट्रोजनचा हलका प्रवाह सोडायचा, नाहीतर आतून काळी पापडी धरते आणि ती पुढे जाऊन बारीक मार्ग बुजवते.

गळकं मशीन चालवून सगळा गॅस आउटडोअरमध्ये ओढून घ्यायची पद्धत इथे वापरू देऊ नका. गळती इनडोअरच्या बाजूला असेल तर गॅसऐवजी बाहेरची हवा आत ओढली जाते, ती तेलाबरोबर दाबली जाते आणि कंप्रेसरचा स्फोट होऊ शकतो.

सेवाकेंद्र

टाक्याबद्दल थोडी असहमती. मशीन सात-आठ वर्षांचं असेल आणि कॉइल मिळतच नसेल तर एक टाका मारून पुढचा हंगाम काढणं चूक नाही, फक्त ग्राहकाला तसं स्पष्ट सांगायला हवं. ताईंच्या मशीनला मात्र कॉइलच बदला. आणि वॉरंटी कार्ड पुन्हा वाचा. "दहा वर्षं" ही कंप्रेसरपुरती असते, तीही सुट्या भागाची. मजुरी, गॅस, व्हिजिट वेगळे. पण काही मॉडेलांना कंडेन्सर (आउटडोअर) कॉइलची किंवा संपूर्ण मशीनची पाच वर्षांची वॉरंटी असते आणि ती आपणहून कोणी सांगत नाही. एएमसी (वार्षिक देखभाल करार) घेतली असेल तर ती कॉम्प्रिहेन्सिव्ह आहे का, गॅस आणि कॉइल तीत धरलंय का, ते बघा. साध्या एएमसीत बहुधा फक्त धुणं-पुसणं येतं.

ग्राहकहक्क

कोडचं उत्तर: काम पूर्ण झाल्याशिवाय तो द्यायचा नाही, हा तुमचा अधिकार आहे. काम अर्धवट असेल तर जॉब शीटवर स्वतःच्या अक्षरात "गळती शोधलेली नाही, तक्रार चालू" असं लिहून सही करा, फोटो काढा आणि त्याच दिवशी कंपनीला ईमेल करा.

पैसे त्या माणसाच्या वैयक्तिक यूपीआयवर पाठवू नका. उद्या कंपनी "आमच्याकडे नोंदच नाही" म्हणून हात झटकते. पैसे कंपनीच्या लिंकवर किंवा केंद्राच्या खात्यात भरा आणि जीएसटी नंबर असलेलं पक्कं बिल घ्या. त्यावर गॅसचं नाव आणि भरलेले ग्रॅम लिहून मागा. ८०० ग्रॅमच्या मशीनमध्ये २५० ग्रॅम घालून पूर्ण भरणीचे पैसे लावले जातात, ते एवढ्यानेच उघड होतं.

कायदा तुमच्या बाजूने आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(११) मध्ये सेवेतील त्रुटीची व्याख्या आहे. काम निकृष्ट करणं तीत येतंच, शिवाय ग्राहकाला लागू असलेली माहिती जाणूनबुजून दडवणंही येतं. मशीन गळतंय हे माहीत असून न सांगता गॅस भरणं इथे बसतं. बिल न देणं हे कलम २(४७) खाली अनुचित व्यापारी प्रथेत मोडतं.

आधी कंपनीला लेखी तक्रार, १५ दिवसांची मुदत देऊन. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. ती न्यायालय नाही, तक्रार कंपनीच्या वरच्या टेबलावर पोचवते. तरीही बरीच प्रकरणं इथेच मिटतात, कारण तिथे कंपनीला लेखी उत्तर द्यावं लागतं. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच करता येते, ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन दाखल होते, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि वकील सक्तीचा नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत दाखल करायची. उत्पादक कंपनी आणि सेवा केंद्र दोघांनाही विरुद्ध पक्ष करा, म्हणजे एकमेकांकडे बोट दाखवता येत नाही. निकालाला कायद्यात सांगितलेल्या तीन-पाच महिन्यांपेक्षा जास्त वेळ लागतो, ही तयारी ठेवा. मसुद्यासाठी मदत लागली तर मुंबई ग्राहक पंचायतीत मार्गदर्शन मिळतं.

खाडीकाठ

ईमेलचा मसुदा केला आहे, बघाल का?

"माझ्या एसीमध्ये (मॉडेल, सिरियल नंबर, खरेदी बिल सोबत) आपल्या अधिकृत केंद्राने दर उन्हाळ्यात गॅस भरला आहे. तक्रार क्रमांक, बिलं व जॉब शीट सोबत जोडत आहे. एकदाही नायट्रोजन प्रेशर टेस्ट केलेली नाही. तरी गळतीची तपासणी करून गॅस मोफत भरून द्यावा. १५ दिवसांत कारवाई न झाल्यास ग्राहक आयोगाकडे दाद मागेन."

ग्राहकहक्क

छान आहे, पण मागणीचं वाक्य बदला. "गॅस मोफत भरून द्यावा" लिहिलंत तर तेवढंच करून तक्रार बंद करतील. असं लिहा: "नायट्रोजन प्रेशर टेस्ट करून गळतीची जागा लेखी कळवावी, ती दुरुस्त करावी किंवा कॉइल बदलावी, व्हॅक्यूम करून प्लेटवरील वजनाइतका गॅस भरावा आणि गळती न शोधता भरलेल्या गॅसची आकारलेली रक्कम परत करावी." रकमेचा एकूण आकडा घाला, बिलांशी जुळणारा.

फ्लेअरनट

आणि एक ओळ वाढवा: चाचणीच्या सुरुवातीचं आणि शेवटचं प्रेशर, वेळ, तापमान, व्हॅक्यूमचा आकडा आणि भरलेले ग्रॅम जॉब शीटवर लिहून मिळावेत. कोड हे सगळं भरलेलं दिसल्यावरच द्या. खोली थंड झाली एवढ्यावर देऊ नका, नुसता गॅस भरला तरी खोली त्या दिवशी थंड होतेच.